थारलेला भाव

पितृपक्ष लागला की गावाला कावळ्यांची आठवण होते आणि मला घाम फुटतो. वर्षभर हाड्‌हाड् करून हाकललेले कावळे, पण या पंधरा दिवसांत त्यांचा थाट बघावा! पत्र्यावर खीर-वड्यांचं पान ठेवून माणसं खाली हात जोडून उभी. मीही ठेवते, हातही जोडते, पण कान खाडीकडे असतात. अमावास्येला किती दिवस राहिले ते बोटांवर मोजत असते. कॅलेंडर समोर भिंतीवर टांगलेलं आहे, तरी बोटांवरच.

तसं बघायला गेलं तर हे दिवस इतके छान असतात! भात निसवलेलं असतं, लोंब्यांत दूध भरत असतं, आणि सकाळी शेताच्या कडेनं गेलं की भिजत घातलेल्या तांदळाचा असतो तसा एक गोडूस वास येतो. बांधावर तेरडा फुललेला. अंगाखांद्यावर चतुर येऊन बसतात. पाऊस मनाला येईल तेव्हा पाच मिनिटं येतो आणि निघून जातो. अलिबागला जाणारे शहरातले लोक रस्त्याला गाडी लावून फोटो काढतात, काय सुंदर, काय सुंदर म्हणतात. काढा बाबांनो. मला तो वास आला की मी नाकाला पदर लावून पुढे सटकते. चार वर्षं झाली, हे काही सुटत नाही.

आमचं गाव धरमतरच्या खाडीला चिकटून. भरतीच्या वेळी खाडीचं पाणी वर आणि आमची भातं खाली, अशी इथली तऱ्हा. मधे मातीचा एक बांध. खापरपणज्यांनी चिखलाचे गोळे एकावर एक थापून घातलेला, आता त्यावर सरकारी दगड बसवलेत, काही ठिकाणी बसवायचे राहूनच गेलेत. बांध फुटला की इथं म्हणतात खांड पडली. खांडीतून खारं पाणी एकदा आत शिरलं की ते वर्ष गेलंच, पुढची दोन-तीन वर्षंही भाताचं नाव काढायचं नाही. मीठ मुरलेल्या जमिनीत तिवराची झुडपं वाढतात, भात नाही. म्हणून मोठ्या उधाणाला प्रत्येक घरातलं एक माणूस बांधावर राखणीला जायचं. जुनी माणसं याला जोळ म्हणतात. पूर्वी ज्या घराचं माणूस येणार नाही त्या घराला दंड असे. आता दंडही नाही आणि माणसंही नाहीत. सगळे ट्रेलरवर नाहीतर कंपनीत. येतात ते आमचे मामा आणि अजून चार-पाच म्हातारे.

मामा म्हणजे माझे सासरे. माझं माहेर उरणकडचं, मिठागरातलं. तिथं उधाणाची वाट बघायची. पाणी आलं की दार उघडून ते आत घ्यायचं, कोंडायचं, सुकवायचं. सासरी येऊन बघते तर तेच पाणी बाहेर ठेवायला माणसं जिवाचं रान करताहेत. लग्नानंतरच्या पहिल्या उधाणाला मी चक्क हसले होते. पाण्याला काय एवढं भ्यायचं? मामा काठी घेऊन बांधाकडे निघून गेले. नंतर सासूबाईंनी सांगितलं की मामांनी तीन खांडी बघितल्यात, आणि एका खांडीत त्यांचं लग्नाच्या वर्षी घेतलेलं शेत गेलं. हा माणूस जन्मभर एक कान खाडीकडे ठेवून झोपलाय. सासूबाई गेल्या, पण मामांची ती सवय गेली नाही.

तर अशा माणसाला उतारवयात एक स्वप्न पडलं. आमची वरच्या अंगाची वरकस जमीन रस्त्यात गेली आणि तिचा मोबदला आला. गावात कुणी गाडी घेतली, कुणी स्लॅब टाकला. मामांनी काहीच घेतलं नाही. माझी नणंद पालीजवळ दिलेली. तिच्या गावाला एक दीड एकराचा तुकडा निघाला होता, डोंगराच्या पायथ्याला, वरून ओहोळ येणारा. आम्ही बघायला गेलो. मामा बांधावरून खाली उतरले, चिमूटभर माती उचलली आणि जिभेवर ठेवली. आमच्याकडे अशीच पारख करतात, खार किती आहे ते जीभ सांगते. त्यांनी ती माती कितीतरी वेळ तोंडात घोळवली, आणि मग मी त्यांना कधी हसताना बघितलं नव्हतं तसे ते हसले. म्हणाले, "गोडी हाय गो बाय. ह्या शेतान दर्या कधी येयाचा नाय."

अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते तेव्हा. एक वर्ष, निदान एक वर्ष, पाण्याची भीती न बाळगता भात लावायचं होतं त्यांना. बस्स. विसार दिला आणि खरेदीखत दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ठरलं, कारण मधे पितृपक्ष, आणि पितृपक्षात जमीन कोण खरेदी करतं? पैसे तोवर मामांच्या नि माझ्या जोडखात्यात. नवरा, दिनेश, न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो, आठ-आठ दिवस बाहेर. मामा म्हणाले, तू शिकलेली, तूच बघ. मीच बघितलं. असं बघितलं की विचारू नका.

मी लग्नाच्या आधी आणि नंतरही काही वर्षं न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात कामाला होते. शेठ गुजराती. त्यांच्या टेबलावर एका पडद्यावर शेअरचे भाव सतत पळत असायचे, हिरवे-तांबडे. कंटेनरचे कागद करता करता मी ते बघायला शिकले. शेठ मला म्हणायचे, "बेन, भाव जोवानो, एनी सामे बेसी नहीं रहेवानुं." भाव बघावा, त्याच्यासमोर बसून राहू नये. धाकटीच्या वेळी नोकरी सोडली तेव्हा त्यांनी ऑफिसचा जुना लॅपटॉप स्वस्तात दिला. मी त्यात डोंगल खोचायची आणि नेमकं समोरच बसून राहायची. थोडं घ्यायचं, थोडं विकायचं. भाजीचे पैसे सुटायचे, कधी फीचे सुटायचे. आणि गावात मान. शेअरवाली म्हणायचे मला.

आता गंमत अशी की आमच्या गावात रेंज नाही. घरात तर नाहीच, वरून पत्रा. लॅपटॉपवर ते गोल चाक फिरत बसायचं. रेंज मिळायची फक्त बांधावर, उघाडीपाशी. उघाडी म्हणजे आतलं पावसाचं पाणी खाडीत सोडायची झडप. तिच्यावर सिमेंटचा कट्टा आहे आणि तिथून पलीकडच्या काठावरचा टॉवर सरळ दिसतो. मी लॅपटॉप खताच्या रिकाम्या गोणीत गुंडाळून, काखेत छत्री मारून नवाच्या सुमाराला तिथं जाऊन बसायची. चिखलात निवट्या, ते बोटभर मासे, उड्या मारताहेत, तिवरांत बगळे बसलेत, आणि माझ्या मांडीवर मुंबईचा बाजार. म्हातारे जाता-येता चिडवायचे, आज चिंबोरीचा भाव काय म्हणतो? मीही ठोकून द्यायची, चढलाय, आज खाऊ नका.

पैसे तीन आठवडे नुसते पडून राहणार हे माझ्या डोक्यातून जाईना. त्या पालीच्या तुकड्याला लागून विहिरीचा एक लहानसा तुकडा होता. मामांनी त्याच्याकडे दोनदा वळून बघितलेलं मी पाहिलं होतं. म्हटलं, दसऱ्यापर्यंत तेवढे सुटले तर? घ्या म्हणावं, विहीरसुद्धा घ्या! आणि मी त्या जमिनीच्या पैशांवर एका कंपनीच्या शेअरचा वायदा घेतला. वायद्यात थोडा विसार भरून मोठा माल धरता येतो. भाव वर गेला तर चैन. खाली गेला तर तो तुमचा विसार कुरतडत येतो. हे मला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी तिला वेड्यात काढलं असतं. कंपनी माल हलवणारी होती, तिचे कंटेनर माझ्या हाताखालून गेलेले. म्हणून वाटलं, ओळखीची आहे.

तीन दिवस वर गेला. चौथ्या दिवसापासून खाली.

त्या भीतीबद्दल काय सांगू? आधी मला वाटायचं भीती म्हणजे एकदम काहीतरी होतं, छातीत धस्स होतं आणि मग संपतं. ही तशी नव्हती. आकडा दर सेकंदाला बदलायचा. वाचून होईपर्यंत जुना व्हायचा. दहा पैसे खाली, पाच पैसे वर, पुन्हा खाली, आणि प्रत्येक वेळी माझ्या पोटात कुणीतरी दोरी ओढायचं, सैल सोडायचं, ओढायचं. घरी आले तर अजून वाईट. रेंज नाही, म्हणजे भाव काय झाला कळायची सोय नाही. भाताला आधण ठेवायची आणि चुलीपुढून उठून बांधाकडे धावायची. दोनदा पातेलं करपलं. धाकटी म्हणाली, आई, तू घरात असतेस तेव्हापण नसतेस. मी तिच्यावर ओरडले, मग तिला जवळ घेऊन रडले. ती बिचारी घाबरून गेली.

विकून मोकळी का झाली नाहीस, असं दिनेशनं नंतर शंभरदा विचारलं. विकलं की गेलेले पैसे खरे झाले असते, म्हणून. तोवर ते नुसते पडद्यावर गेलेले होते. मामा रोज संध्याकाळी विचारायचे, बाजार बरा हाय? मी म्हणायची, बरा आहे. त्यांना वाटायचं माझ्या भाजीच्या पैशांचं चाललंय.

सर्वपित्री अमावास्या आली. आमच्याकडे अमावास्येचं उधाण बरोबर दुपारी बारा-साडेबाराला भरतं, आणि भादव्यातलं हे उधाण वर्षातलं मोठं. मामा पान ठेवून, कावळा शिवल्याबरोबर बांधावर गेले. मी लॅपटॉप घेऊन मागोमाग. राखणीला घरातली दोन माणसं म्हणून म्हातारे खूश झाले. माझी मलाच लाज वाटावी असं ते सगळं होतं.

बांधाची राखण करताना खाडीकडे बघायचं नसतं. पाठ खाडीला करायची आणि बांधाच्या आतल्या पायथ्याकडे बघत चालायचं. चिंबोऱ्यांनी बिळं केलेली असतात, त्यातून आधी ओल येते, मग करंगळीएवढी धार, आणि मग कुणाच्या बापाला आवरत नाही. मामा तसे चालत होते, धोतर खोचून, हातात काठी, वाकून बघत. पाणी दगडांच्या वरच्या थराला लागलं होतं. वारा सुटला होता. मी कट्ट्यावर छत्रीआड, भाव सकाळपासून कोसळत होता, आणि मी मनाशी ठरवलेला आकडा तीनदा ओलांडून झाला होता. दर वेळी नवा ठरवायची. बोट विकायच्या बटणावर होतं, पण दाबत नव्हतं.

आणि मग आकडा थांबला.

खरंच थांबला. एक सेकंद, दहा सेकंद, मिनिट. ना वर ना खाली. मी नजर उचलून खाडीकडे बघितलं तर पाणीही थारलेलं. मिठागरात बाबांनी लहानपणी शिकवलं होतं, भरती पुरी झाली की पाणी थोडा वेळ थारतं, चढत नाही नि उतरत नाही, तिवराचं पान टाकलं तर जागच्या जागी राहतं. थारलं की समजायचं, आता फिरणार. दार घालायची घाई करायची ती तेव्हाच. हे माझ्या रक्तात आहे. मी त्या आकड्याकडे बघितलं आणि म्हटलं, थारला. म्हणजे आता फिरणार. आठ दिवसांत पहिल्यांदा मला पूर्ण श्वास घेता आला. विकायच्या बटणावर ठेवलेलं बोट मी काढून घेतलं, पदरानं तोंड पुसलं, डब्यातला वडासुद्धा खाल्ला. देवा, तो वडा!

पस्तीस मिनिटं मी तशी बसले होते. पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवी टिकली असते, जोडणी चालू असल्याची. ती करडी झाली होती. माझ्या डोळ्यांसमोर होती. मला ती दिसली नाही, कारण मला ती बघायची नव्हती. भाव थांबलाच नव्हता, रेंज गेली होती. बाजारात पाणी चढतच होतं, फक्त मला ते दिसत नव्हतं.

वारा पडला आणि रेंज आली. टिकली हिरवी झाली. आकडा एकदम उडी मारून इतका खाली गेला की मला वाटलं दुसऱ्याच कंपनीचा आहे. खाली एक ओळ आली होती. विसार संपत आल्यामुळे दलालाच्या संगणकानं माझा सौदा आपोआप कापला होता. वीस मिनिटांपूर्वीच. मी वडा खात होते तेव्हा. जमिनीचे पैसे गेले होते. पलीकडे पाणी ओसरायला लागलं होतं आणि म्हातारे एकमेकांना तंबाखू देत होते. बांध राहिला होता. मामा माझ्याकडे बघून लांबून काठी हलवत होते, सगळं ठीक म्हणून. मीही हात हलवला.

नंतरचे नऊ दिवस मी कशी जगले ते मलाच ठाऊक. नवरात्र बसलं. घरात घट, मुलींना फराळ, गरब्याची तयारी, आणि मी प्रत्येक हाकेला दचकायची. मामांनी हाक मारली की वाटायचं कळलं. नाही मारली की वाटायचं कळलं म्हणूनच मारत नाहीत. पोस्टमन दिसला की बँकेचं पत्र असेल म्हणून मी मागच्या दारानं विहिरीवर निघून जायची. एकदा वाटलं, कुठंतरी निघून जावं. मग धाकटी आठवायची.

नवमीच्या दुपारी मामा ओटीवर कागद लावत बसले होते. उद्या पालीला जायचं म्हणून. आधारकार्ड, सातबारा, आणि पासपोर्ट साइजचे फोटो. ते फोटो त्यांनी खास काढून आणले होते. फोटोवाल्यानं टोपी काढायला लावली म्हणून नाराज होते. त्यांनी ते चार फोटो ओळीनं मांडले आणि मला विचारलं, यातला कुठला बरा? चारी एकाच वेळचे, एकसारखे. मी खाली बसले आणि सांगून टाकलं. सगळं, एका दमात, वायदा, रेंज, वडा, सगळं. मान वर करायची हिंमत नव्हती. मला त्यांचे फक्त हात दिसत होते. त्यांनी ते फोटो एकेक करून प्लास्टिकच्या पाकिटात परत घातले.

मला वाटलं ओरडतील. ओरडावं असं मनापासून वाटत होतं. पाकीट बाजूला ठेवून त्यांनी एवढंच विचारलं, "तवा भ्याली व्हतीस काय गो?"

मी म्हटलं, हो. खूप.

"मंग मना हाक का नाय मारलीस?" ते म्हणाले. "मी चालीस पावलांवं व्हतो. बांधावं भ्यालेल्या मानसानं हाक मारायची. खोटी निंगाली तरी कोन हसत नाय."

मग ते उठून आत गेले. त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही. दिनेशनं काढला, चांगला काढला, तेल गेलं तूप गेलं म्हणून गावभर सांगून झालं, तीन महिने माझ्याशी बोलला नाही. त्याचं काही चुकलं नाही. पालीचा विसार गेला, तुकडा दुसऱ्या कुणी घेतला. मी पुन्हा नोकरीला लागले. आता लॅपटॉपवर कंटेनरचे नंबर असतात. ते हलत नाहीत, पण मी अजूनही मधेच एखाद्या आकड्याकडे बघत थांबते आणि कोपऱ्यात टिकली शोधते.

गेल्या माघात आम्ही सगळे बल्लाळेश्वराच्या दर्शनाला गेलो. नणंदेकडे जाताना रिक्षा त्या शेतावरून गेली. कुणीतरी वाल लावले होते, हिरवेगार आलेले. मामा शेताच्या बाजूलाच बसले होते. शेत आलं तसे ते वळून माझ्या मुलीला विचारू लागले, शाळेत काय शिकवतात हल्ली? शेत मागे जाईपर्यंत विचारत राहिले. मी रस्त्याकडे बघत बसले.

आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. डोळ्यांना धूसर दिसतं, गुडघे गेलेत, तरी उधाणाला बांधावर जातात. दुसरं शेत नाही, मग काय करतील? हे माझ्यामुळे आहे हे मला माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे. मी रजा टाकते आणि बरोबर जाते. भीती गेलेली नाही. उलट तिच्यात भर पडलीय. पूर्वी पाण्याची वाटायची, मग आकड्याची, आता या म्हाताऱ्या माणसाचा पाय घसरेल याची वाटते, आणि एक दिवस बांधावर मी एकटीच असेन याची.

काल अमावास्या होती. पाणी दगडांच्या वर आलं. मी आतल्या पायथ्याला बघत चालत होते, आणि एका जागी माती मला काळपट, ओली वाटली. मी थांबले. पावसाची ओल असेल, उगाच त्यांना कशाला चालायला लावायचं, असं मनात आलं. तरी मी हाक मारली. मोठ्यानं मारली, घसा फुटेस्तोवर. मामांनी मान वर केली, काठी सावरली आणि यायला निघाले.

ती पावसाचीच ओल होती. ते माझ्यापाशी पोचले, वाकले, चिमूटभर माती जिभेवर ठेवली, आणि माझ्या खांद्याला धरून तिथंच दम खात उभे राहिले. एवढंसं अंतर यायला त्यांना आता फार वेळ लागतो.